कोण म्हणते?

माझ्या सेवा केंद्रात लोक येतात ते दाखल्यासाठी. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा. जून-जुलैत शिष्यवृत्तीचे फॉर्म, पुढे धानाची ऑनलाइन नोंदणी, मधूनच पीएम किसानचं ई-केवायसी. देवरीत तहसील आहे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, म्हणून चिचगड-ककोडीकडची माणसं एकाच फेरीत चार कामं उरकायच्या हिशेबाने येतात. या कामांच्या मधेच कोणीतरी मोबाइल माझ्यापुढे सरकवतं आणि विचारतं, "ताई, याच्यात वायरस घुसला म्हणते. काय करू जी?"

माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे. "कोण म्हणते?"

बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. मोबाइल म्हणतो, आणखी कोण? पण स्क्रीनवरची सगळी अक्षरं एकाच्याच तोंडची नसतात. वर साइटचा पत्ता दिसतो ती पट्टी ब्राउझरची. तिच्या खालचं पान त्या साइटच्या मालकाचं. आपल्या पानात त्याला हवं ते काढता येतं: लाल रंग, विंडोजचं चिन्ह, अँटिव्हायरस कंपनीचा लोगो, 'तपासणी चालू आहे' म्हणत सरकणारा हिरवा पट्टा. ते सगळं चित्र असतं. साध्या वेबपानाला तुमच्या फोनमधल्या फायली उघडून तपासता येत नाहीत. ब्राउझर त्याला तेवढी मोकळीक देतच नाही. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाने, घरात पाऊलही न ठेवता, तुमच्या धानाच्या ढोलीत चार उंदीर आहेत असं सांगावं, तसं ते. उदाहरण ऐकल्यावर माणसं लगेच मान डोलवतात. ढोली कोणाला दिसते आणि कोणाला दिसत नाही हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही.

बारावी झालेली एक मुलगी एकदा भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर उघडा लॅपटॉप धरून आली. लॅपटॉप मिटला नव्हता, कारण स्क्रीनवर लिहिलं होतं की संगणक बंद केला तर सगळी माहिती नष्ट होईल. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती. ती घरी साइट शोधत होती, एका भलत्याच दुव्यावर बोट पडलं आणि स्क्रीनभर निळं-लाल पान पसरलं. कर्कश बीप, इंग्रजीत बोलणारा बाईचा आवाज आणि खाली एक फोन नंबर. माउसचा बाणसुद्धा दिसेना. त्या नंबरवर तिने फोन लावलाही होता. पलीकडचा माणूस दुरून संगणक चालवण्याचं सॉफ्टवेअर टाकायला सांगू लागला, तेव्हा तिला संशय आला आणि तिने फोन ठेवला. तिच्या त्या संशयाचं मला फार कौतुक वाटलं. तसं मी तिला सांगितलंही.

उपाय अगदी छोटा होता. असं पान स्वतःला पूर्ण स्क्रीनभर ताणतं, त्यामुळे पत्त्याची पट्टी झाकली जाते आणि पानाची हद्द कुठे संपते ते दिसत नाही. एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरली की पट्टी परत येते. नाहीच आली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबायचं, टास्क मॅनेजर उघडतो, त्यातून ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडल्यावर तो 'आधीची पानं परत आणू का' विचारतो, त्याला नाही म्हणायचं. एवढ्यात सगळं गप्प झालं. तरी तिच्या मनाची खात्री व्हावी म्हणून विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षेची पूर्ण तपासणी लावली, आणि ती होईपर्यंत माझ्या संगणकावर तिचा फॉर्म भरला. लॅपटॉपमध्ये काही निघालं नाही.

या नंबरांच्या मागे खरोखरच माणसं बसलेली असतात, खुर्च्या-टेबलं आणि पाळ्या लावून. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून होती: तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशातल्या लोकांना असेच खोटे इशारे दाखवून पैसे उकळणारी कॉल सेंटरं. ज्यांनी परदेशी म्हाताऱ्यांना घाबरवायला ही पानं बनवली, त्यांना ती देवरीतल्या मुलीच्या स्क्रीनवर पोचल्याचं काही सुखदुःख नसतं. जाहिरातीचं जाळं जिथे नेईल तिथे पान जातं.

मोबाइलवर हा प्रकार वेगळ्या रूपात येतो. अँड्रॉइडवर पानाला फोन थरथरवता येतो. फोन हातात थरथरला की माणसाला वाटतं, आतून काहीतरी बिघडलं. त्यात पान फोनचं मॉडेल सांगतं, 'नागपूर' असं गावही सांगतं, आणि मग माणसाचा विश्वास पक्का बसतो. "माझा फोन कोणता ते त्याले कसं समजलं मंग?" हा रास्त प्रश्न आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. कुठलीही साइट उघडताना ब्राउझर तिला फोनची जुजबी माहिती देऊ शकतो, आणि इंटरनेटच्या जोडणीच्या क्रमांकावरून साधारण भाग कळतो. तो भाग चुकतोही. देवरीत बसलेल्या माणसाला पान 'नागपूर' सांगतं, ते त्यामुळेच.

सगळ्यात जास्त तक्रारी ज्याच्या असतात त्याला मी चोरटी परवानगी म्हणते. निकाल पाहायला, सिनेमा पाहायला किंवा नोकरीची जाहिरात शोधायला कोणी एखाद्या साइटवर जातं. तिथे लिहिलेलं असतं, 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी परवानगी द्या दाबा.' ती परवानगी खरं तर सूचना पाठवण्याची असते. त्यानंतर ब्राउझर बंद असला तरी दिवसभर पडद्यावर पट्ट्या उतरत राहतात: तुमचा फोन संकटात आहे, अँटिव्हायरस संपला, बँक खातं धोक्यात. एका मावशींनी यामुळे फोन आठवडाभर बंद करून पेटीत ठेवला होता. त्यांच्या मुलाचा सुरतेहून फोन लागेना, म्हणून शेजारच्या पोराने त्यांना माझ्याकडे आणलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात सूचना, तिथे परवानगी दिलेल्या साइटांची यादी असते. ओळखीची नसेल ती काढून टाकायची. फोनमध्ये एकही व्हायरस नव्हता. आठवडाभर आई मुलाशी बोलली नाही, हे नुकसान मात्र खरं होतं. कोणत्याही तपासणीत ते दिसत नाही.

म्हणून खोटा इशारा निरुपद्रवी असतो असं मला कधीच वाटत नाही. शहरात माणसाजवळ दुसरा फोन असतो, कार्यालयात विचारायला कोणी असतं. इथे एका घरात एकच चांगला फोन. त्यातच आधारशी जोडलेलं सिम, त्यातच बँकेचा ओटीपी, त्यातच पोरीच्या वसतिगृहाच्या प्रवेशाचा निरोप.

आमच्या धंद्यातल्या लोकांनाही सावध राहावं लागतं, आणि ते मोबाइलवाल्यांपेक्षा जास्त. अंगठा घेण्याचं यंत्र बदललं की त्याचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस टाकावी लागते. घाईत आपण नाव टाकून शोधतो आणि वरचा पहिला दुवा उघडतो. तिथे एका पानावर 'डाउनलोड' लिहिलेली चार-पाच बटणं असतात, त्यातलं खरं एकच, तेही बारीक अक्षरात. कृतिदेव फॉन्टचं तेच. विदर्भातल्या कितीतरी कार्यालयांची जुनी पत्रं अजून कृतिदेवमध्ये आहेत, टायपिंगच्या परीक्षेला पोरं तो शोधतात, आणि फुकट फॉन्टच्या नावाखाली भलतंच काही संगणकात उतरवतात. फॉन्टच्या फाइलचा शेवट बहुधा टीटीएफ असतो. ईएक्सई असेल तर तो फॉन्ट नव्हे, चालणारा प्रोग्रॅम आहे. हे एवढं कळलं तरी निम्मा त्रास वाचतो. ड्रायव्हर मी यंत्राच्या कंपनीच्या साइटवरूनच घेते, आणि एकदा मिळालेली फाइल वेगळ्या ठिकाणी जपून ठेवते.

झेरॉक्सच्या दुकानांतून फिरणाऱ्या पेनड्राइव्हबद्दल मी इथे फार लिहीत नाही. फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसतात, खऱ्या फायली लपतात, हे या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलंय. माझ्याकडे पेनड्राइव्ह आधी तपासला जातो, मग उघडला जातो. रांग कितीही मोठी असो.

अशी तपासणी करताना मला एक जुनी गोष्ट आठवते. पुण्याचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढण्याचे प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यातून क्विक हील हा अँटिव्हायरस उभा राहिला. मला ही गोष्ट प्रिय आहे, कारण ती दुरुस्तीच्या टेबलावर सुरू होते. समोरच्याचं यंत्र बिघडलंय, तो घाबरलाय, आणि आपल्याला नेमकं काय झालं ते शोधायचंय. त्या काळी व्हायरस फ्लॉपीवरून यायचा आणि बहुतेकदा काही न बोलता यायचा. आज संरक्षण देणाऱ्याचंच नाव आणि चिन्ह पांघरून भीती विकली जाते.

आता खऱ्या इशाऱ्याची गोष्ट.

देवरी राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. पलीकडे छत्तीसगड सुरू होतं, ट्रकांची रीघ रात्रंदिवस चालू असते. एक ट्रकचालक फोन घेऊन आला. व्हॉट्सॲपवर त्याला 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली होती, शेवटी एपीके. गाडी रस्त्यावर असली की चलानाची धास्ती कायम डोक्यात असतेच, त्याने ती उघडली. फोनने त्याला अडवलं होतं. अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, याने तुमच्या माहितीला धोका होऊ शकतो, असं फोनने स्वतः, अँड्रॉइडने, सांगितलं. तरीही त्याने पुढे दाबलं. मग ॲपने मेसेज वाचण्याची परवानगी मागितली, तीही दिली. बँकेचे ओटीपी तिकडे जाऊ लागले आणि खात्यातून रक्कम निघाली.

आधी फोनचं इंटरनेट बंद केलं. माझ्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावला, बँकेचं खातं गोठवलं, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. १९३० वर जितक्या लवकर कळवावं तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून बाकीची विचारपूस मी नंतर केली. काही रक्कम अडली, काही गेली. फोन पूर्ण कोरा करून पुन्हा उभा केला.

मी त्याला विचारलं, "फोनने तर सांगितलं होतं ना भाऊ?"

तो म्हणाला, "मॅडम, असं तं ते नेहमीच म्हणत राह्यते."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. खोट्या इशाऱ्याला घाबरून माणूस फोन पेटीत ठेवतो, आणि खरा इशारा आला की बाजूला सारून पुढे जातो. खोटा ओरडतो, घाई करतो, नंबर देतो, नाव घेऊन बोलतो. खरा हळू आवाजात बोलतो, बहुधा इंग्रजीत किंवा पुस्तकी मराठीत, आणि 'मागे जा' एवढंच सुचवतो. तो कधी पैसे मागत नाही, कुठे फोन करा म्हणत नाही. क्रोम किंवा फायरफॉक्सचं लाल पान येतं ते गूगलच्या सेफ ब्राउझिंग यादीत ती साइट धोक्याची म्हणून नोंदलेली असते तेव्हा. ते पान साइट उघडायच्या आधी येतं. त्यावर कोणाची जाहिरात नसते.

आणि हे बाजूला सारणं लोकांना शिकवलं कोणी? मला वाटतं, यात सरकारी साइटांचा वाटा मोठा आहे.

साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो तेव्हा तिच्याजवळ एक प्रमाणपत्र असतं. ही साइट खरोखर त्याच पत्त्याची आहे, आणि मधे कोणी कान लावून बसलेलं नाही, याची ती ग्वाही. प्रमाणपत्राला मुदत असते. मुदत संपली आणि कोणी नवं लावलं नाही, की ब्राउझर म्हणतो, 'तुमचं कनेक्शन खासगी नाही.' खाली बारीक अक्षरात 'प्रगत' असतं, त्यात 'तरीही पुढे जा'. ऐन फॉर्मच्या दिवसांत असं पान आलं की रांगेतला माणूस म्हणतो, "दाबा ना ताई, मागच्या वेळी बी दाबलं होतं." केंद्रचालकही दाबतात. एकदा दाबून काही झालं नाही, दहादा दाबून काही झालं नाही, मग ते पान म्हणजे दारातला एक दगड होऊन जातो, ओलांडायचा.

प्रत्येक वेळी चूक साइटचीच असते असंही नाही. इथे पावसाळ्यात वीज सारखी जाते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर त्याचं घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं. मग त्याला आजची सगळी प्रमाणपत्रं भविष्यातली वाटतात आणि प्रत्येक साइट धोक्याची दिसते. शेजारच्या केंद्रातल्या मुलांनी यावर फॉरमॅट करायची तयारी केली होती. मी आधी कोपऱ्यातली तारीख पाहायला सांगितलं. बॅटरी बदलली, काम झालं. ३० सप्टेंबर २०२१ ला तर जगभर असा गोंधळ झाला. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य साइटांना मोफत प्रमाणपत्रं देते. ती ज्यावर टेकलेली होती, ते एक जुनं मूळ प्रमाणपत्र त्या दिवशी संपलं, आणि बरीच वर्षं अपडेट न झालेल्या यंत्रांवर चांगल्या साइटाही उघडेनात. विंडोज ७ ला तर जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट मिळणंच थांबलं, आणि २०२३ च्या सुरुवातीला क्रोमनेही त्याची साथ सोडली. तरी ती यंत्रं चालू आहेत. नवं यंत्र घ्यायला पैसे लागतात, हे मलाही कळतं.

पण प्रमाणपत्राचा इशारा पोकळ नसतो, याचा दाखला आपल्याच देशात आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं की नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली आहेत. प्रमाणपत्र यंत्रणांवरच्या भारताच्या नियंत्रकांनी ती रद्द केली, मायक्रोसॉफ्टनेही त्या प्रमाणपत्रांवरचा विश्वास काढून घेतला. अशा प्रमाणपत्राच्या आधारे कोणालाही खोटी साइट खरी म्हणून उभी करता आली असती. त्यामुळे साइट सरकारी आहे म्हणून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा, असं मी कोणाला सांगू शकत नाही.

यापुढे हे जास्त जपावं लागणार आहे. ब्राउझर आणि प्रमाणपत्र कंपन्यांनी ठरवलेल्या नियमानुसार प्रमाणपत्राची मुदत १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस होते आहे. कोणा कारकुनाने तारीख लक्षात ठेवून नूतनीकरण करायचं, हा मार्ग आता चालणार नाही. ते आपोआप व्हायला हवं, आणि त्याची सोय उपलब्ध आहे. विभागांनी ती केली नाही, तर आमच्या रांगेतल्या माणसाला 'तरीही पुढे जा' दाबण्याचा सराव आणखी वाढेल, आणि चलानाच्या फाइलवरही त्याचं बोट त्याच सरावाने जाईल.

माझ्या केंद्रात येणाऱ्या फोनांवर, माणसाची हरकत नसेल तर, मी क्रोमची भाषा मराठी करून देते. खरा इशारा वाचता आला तरच त्याचा उपयोग. घरी गोंडी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना ही मराठीही परकीच वाटते, तिथे वाचून सांगणारं नातवंड लागतं. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का, तेही दाखवते. ते फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं. 'लाडकी बहीण' योजनेच्या फॉर्मच्या दिवसांत हे दाखवणं फार कामी आलं. नाव तेच, फोटो तेच, पत्ता मात्र भलताच, अशी पानं बायका घेऊन यायच्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला आपणच पट्टीवर बोट ठेवून म्हणायच्या, "हे सरकारचं नाही नं ताई."

गेल्या पावसाळ्यात, फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात, एका विभागाच्या साइटचं प्रमाणपत्र संपलं. माझ्या संगणकाची तारीख बरोबर होती, दुसऱ्या ब्राउझरमध्येही तेच आलं. त्या फॉर्मात आधार क्रमांक, बँकेचं पासबुक, आईवडिलांचं उत्पन्न, सगळं भरायचं होतं. मी भरणं थांबवलं. रांगेतली माणसं नाराज झाली. दोघं उठून दुसऱ्या केंद्रात गेली आणि तिथे त्यांचे फॉर्म भरलेही गेले. मी विभागाच्या मदत क्रमांकावर कळवलं, ईमेल केली, सोबत स्क्रीनचा फोटो जोडला. ककोडीकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. तिला सांगितलं, उद्या ये, तारखेला अजून दिवस आहेत. तिने का म्हणून विचारलं, मी पट्टी दाखवली, तिने वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साइट दुरुस्त झाली होती. ती आली, फॉर्म भरला, पावती घेतली. फॉर्म भरण्याचे पैसे मी घेतले नाहीत. दुसऱ्या फेरीचं गाडीभाडं मात्र तिच्या वडिलांच्याच खिशातून गेलं.